ज्वाला क्लबचा शेवटचा सेक्रेटरी

स्वस्ति श्री.

मस्कतनिवासी, सकलगुणमंडित, वातानुकूलित अळियन, म्हणजे आमचे मेव्हणे, वासुदेवन यांस चेरुकुळंबहून राघव पिशारडी वैद्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द शास्त्रापुरता. आठांपैकी दोन अंगं, म्हणजे दोन्ही गुडघे, ओणमपासून सहकार्य करत नाहीत. कारण पुढे येईल.) इकडे कुशल आहे. तुमची बहीण आणि आमची सौभाग्यवती श्रीदेवी ठीक आहे, तुमची आठवण काढते. गाय ठीक आहे, ती कुणाचीच आठवण काढत नाही. तुमच्या रक्तदाबाची आणि साखरेची खुशाली कळवावी. मी पाठवलेली औषधं घेता का, असं विचारत नाही. तुम्ही ती घेत नाही हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, या पायावर आपले संबंध इतकी वर्षं टिकले आहेत.

पत्रास कारण की, एका घोर अन्यायाची दाद मागायची आहे. चहावाल्या हंसाक्काच्या दुकानातली पळमपोरी पातळ झाली. आपल्या वेळी एका नेंद्र केळ्याचे उभे दोन काप होत, पिठात बुडून कढईतून वर येत, आणि एक खाल्ला की माणूस संध्याकाळपर्यंत कुणाशी भांडत नसे. आता त्याच केळ्याचे चार काप होतात. परवा मी एक उजेडासमोर धरला तर पलीकडचं पोस्ट ऑफिस दिसलं, आणि त्यातला कारकून डुलकी घेत होता हेही दिसलं. हा अधर्म मी निमूट सहन करणार नव्हतो. भर दुकानात उभा राहून मी म्हटलं, की हंसाक्का, हे केळं आहे की केळ्याची स्मृती? तो कढईतून मान वर न काढता म्हणाला, "वैद्यर, जाड कापायला माझा हात काय मोडलाय? पण खाणार कोण? तुम्ही अर्धी खाता आणि उरलेली पित्ताच्या नावानं बशीत ठेवता. चार वाजता कढईभोवती पोरं उभी असायची तेव्हा जाड होती. जा, आधी तुमच्या ज्वालात पोरं किती उरलीत ते बघा, मग माझ्या केळ्याकडे बघा."

बघायला फार वेळ लागला नाही. एक उरला आहे. अम्मिणीचा प्रजीश.

तुम्हाला शेवटचा आठवतो तो त्याचा अवतार म्हणजे नाक गळणारा आणि चेंडू आणून देणारा. आता सत्तावीस वर्षांचा आहे. तुम्ही आणि मी मिसरूड फुटायच्या आत माझ्या वडिलांच्या औषधशाळेच्या माडीवर जो ज्वाला आर्ट्स अँड स्पोर्ट्स क्लब काढला, त्याचा तो सेक्रेटरी आहे, खजिनदार आहे, कप्तान आहे, झाडू मारणारा आहे आणि सभेला हजर असलेला एकमेव सभासदही आहे. (गेल्या वार्षिक सभेत त्यानेच ठराव मांडला, त्यानेच अनुमोदन दिलं, आणि मतभेद नसल्यामुळे सभा लवकर आटोपली.) आणि ओणमच्या तीन महिने आधी तो मला म्हणाला, की वैद्यर, मीही बाहेर जावं म्हणतो. तो गेला की माडीला कुलूप लागणार. किल्ली माझ्याकडे येईल, मी ती हिरड्याच्या खणात ठेवीन, आणि एक दिवस कुणीतरी ती काढ्यात उकळेल.

आता तुम्ही म्हणाल, पोरांचा क्लब बंद पडला तर म्हाताऱ्या दुकानदारांना एवढं दुःख कशाला? रास्त प्रश्न आहे. आपला बाजार या क्लबला पहिल्या दिवसापासून का पोसतो, यावर मी पूर्वी बराच विचार करून एक सिद्धांत मांडला होता, की चारही पुरुषार्थ त्यात सामावतात. अर्थ म्हणजे देवस्सी चेट्टनचं कापडाचं दुकान, ज्याचं नाव फुटबॉलच्या बनियनवर छापलेलं असे. धर्म म्हणजे माझी औषधशाळा, जी पाय मुरगळलेल्या खेळाडूला तेल फुकट देई. (बनियनच्या पाठीवर मीही एकदा छापून घेतलं होतं. पण "मूळव्याधीवर खात्रीचा उपाय" असं पाठीवर घेऊन धावणाऱ्या बचावफळीला विरोधी प्रेक्षक काय काय म्हणाले ते लिहिता येत नाही. तो संघ त्या वर्षी एकही सामना जिंकला नाही आणि माझी एकही बाटली खपली नाही.) काम म्हणजे हंसाक्काची पळमपोरी. आणि मोक्ष म्हणजे, पोरं संध्याकाळी माडीवर कॅरम खेळतात, म्हणून ती दुसरीकडे काही करत नाहीत, ही सर्व आईबापांची समजूत.

हा सिद्धांत मी अनेक सभांत सांगितला आणि टाळ्या घेतल्या. तो खोटा आहे. खरं कारण बाजारातल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, तो सांगणार नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे घरात माणूस गेलं की मुलगा दुबईहून निघायच्या आत अंगणात ताडपत्री कोण बांधतं? खुर्च्या कोण मांडतं? शीतपेटी कोण आणतं, चितेसाठी आंब्याचं झाड कोण तोडतं? लग्नात पंगत कोण वाढतं? पुराच्या वर्षी देवस्सीचं सगळं कापड आणि माझ्या सगळ्या बरण्या डोक्यावरून माडीवर कुणी चढवल्या? देवस्सीची आई त्याच पुरात पातेल्यात बसून, हो, बिर्याणीच्या पातेल्यात बसून, चर्चच्या टेकडीवर पोचली. पातेलं ज्वालाचं आणि ढकलणारी पोरंही ज्वालाची. म्हातारी पुढे दोन वर्षं जगली आणि सगळ्यांना सांगत राहिली की पातेलं नीट घासलेलं नव्हतं. आपण सगळ्यांनी आपापली मुलं बाहेर पाठवली, अळियन. मग दुसऱ्याची मुलं इथे राहावीत म्हणून त्यांना जर्सी, फुटबॉल आणि टीव्ही घेऊन दिला. हे आमचं औदार्य.

आणि दुसऱ्यांनीही नेमकं तेच केलं, हे आमच्या लक्षात यायला उशीर झाला. (बाजारात जवान पोरं अजिबात नाहीत असं नाही. बांधकामावर बंगालहून आलेली आहेत, चांगली दणकट. देवस्सीने त्यांना सभासद करून घ्यायची कल्पना काढली. ती पोरं म्हणाली, खेळायला येऊ, पण वर्गणी आम्ही आमच्या गावच्या क्लबला पाठवतो. म्हणजे या देशात प्रत्येक गावचा क्लब दुसऱ्याच कुठल्यातरी गावात भरतो आहे.)

तर प्रजीशला राखण्यासाठी बाजाराने कंबर कसली. पहिला उपाय नोकरी. पूर्ण नोकरी देण्याइतका धंदा कुणाचाच नाही, म्हणून तीन दुकानांनी मिळून त्याला वाटून घेतलं. सकाळी हंसाक्काकडे, दुपारी देवस्सीकडे, संध्याकाळी माझ्याकडे. पोरगा गुणी, त्याने कुठेच नाही म्हटलं नाही. परिणाम असा झाला की क्लब चालू राहावा म्हणून ज्याला कामाला लावलं त्याला क्लब उघडायला वेळच उरला नाही, आणि संध्याकाळी दमून माझ्या दुकानात त्याने एका आजीबाईंना खोकल्याचा काढा देण्याऐवजी देवस्सीच्या सवयीने "अजून एक रंग दाखवू का?" असं विचारलं. महिनाभरात आम्हीच त्याला मुक्त केलं.

दुसरा उपाय लग्न. बायको इथली असली की माणूस इथला राहतो, असं देवस्सीचं मत. (देवस्सीची बायको गेली सहा वर्षं लंडनला नातवंडं सांभाळते आहे, पण मत मत असतं.) मुलगी बघायला आम्ही तिघं दुकानदार गेलो, मुलाची आई अम्मिणी मागच्या सीटवर. मुलीच्या वडिलांनी चहा दिला, चांगली जाड पळमपोरी दिली, आणि विचारलं, मुलगा कुठे असतो? मी म्हटलं, इथेच. ते म्हणाले, "इथेच म्हणजे कुठल्या देशात?" मी म्हटलं, चेरुकुळंबात. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं, जशी मी असाध्य रोग्याकडे पाहतो. मग हळूच विचारलं, "का बरं? काही अडचण झाली होती का?" हंसाक्काने क्लबचं नाव घेतलं, पुराचं सांगितलं, पातेल्याचंसुद्धा सांगितलं. ते गृहस्थ म्हणाले, "मुलगा सोन्यासारखा आहे, ते दिसतंच आहे. पण माझी मुलगी नर्सिंग शिकते आहे हो. ती तरी कुठे इथे राहणार आहे?"  परत आल्यावर गाडीतून उतरताना अम्मिणी एवढंच म्हणाली, "वैद्यर, माझ्या पोराला तुम्ही सगळे असे धरून ठेवलंत की त्याला कुणी धरेना."  माझ्याकडे त्यावर औषध नव्हतं.

तिसरा उपाय माझा, म्हणून त्याचं वर्णन विस्ताराने करतो. ओणमची रस्सीखेच. नदीपलीकडच्या पुत्तनकडवच्या ब्रदर्स क्लबशी आपली ती दरवर्षीची, केळ्याच्या घडासाठी. यंदा प्रजीश म्हणाला, संघ होत नाही, रद्द करू. मी भर बाजारात घोषणा केली, की ज्यांनी इतकी वर्षं दोर विकत घेऊन दिला ते यंदा दोर धरतील. सात दुकानदार उभे राहिले, पोटांसकट. प्रजीशने आठवडाभर सराव घेतला. दोराचं एक टोक माडीमागच्या फणसाला बांधायचा आणि आम्ही ओढायचं. फणस हलला नाही, पण प्रजीश म्हणायचा, "प्रगती आहे. काल तुम्ही हलला होतात, आज तुम्हीही हलला नाहीत." तो त्या आठवड्यात हसत होता, अळियन. मला वाटलं, औषध लागू पडलं.

सामन्याच्या दिवशी आमचा एकच निश्चय होता, की पलीकडच्या जवानांकडून सन्मानाने हरायचं. जीप आली. दार उघडलं. आधी एक पोट उतरलं, मग त्यामागून पुत्तनकडवचा बेकरीवाला उतरला. मग हार्डवेअरवाला. मग निवृत्त हेडमास्तर, ते मात्र दोघांनी धरून उतरवले. सातही जण आपल्यासारखेच. दोन्ही संघ एकमेकांकडे बघत उभे राहिले.

आता माझी चूक. शास्त्राप्रमाणे श्रमापूर्वी अभ्यंग करावा. वैद्य असल्यामुळे, आणि सहा बरण्या तयार असल्यामुळे, मी आमच्या संघाला खांद्यापासून बोटांपर्यंत नारायण तेल चोळलं होतं, सढळ हातांनी. देवस्सी म्हणाला होता, "वैद्यर, तळहातांना पण?" मी म्हटलं, तळहात म्हणजे शरीराचा भाग नाही का? प्रजीशने शिट्टी वाजवली. (पंच कुणी उरला नव्हता, म्हणून शिट्टीही त्याच्याच तोंडात.) पलीकडच्यांनी जीव खाऊन हिसका दिला आणि दोर आमच्या सात जोडी हातांतून सापासारखा निघून गेला. आम्ही चकचकीत रिकामे तळवे घेऊन उभे. पलीकडचे सातही उताणे, चिखलात, एकावर एक. नियमाप्रमाणे ते जिंकले होते. मैदान खदखदून हसलं. मैदान म्हणजे बायका, म्हातारे आणि दहाच्या आतली पोरं.

मग हसणं थांबलं, कारण ते उठेनात. हेडमास्तर आकाशाकडे बघत पडले होते. बेकरीवाल्याची कंबर धरली होती. आम्ही धावलो, हात धरून ओढायला लागलो, तर तेलाच्या हातांतून ते परत निसटून चिखलात. माझे गुडघे तिथेच गेले; मी खाली बसलो तो बसलोच, माझ्या शेजारी देवस्सी बसला. शेवटी प्रजीशने शिट्टी खिशात ठेवली, लुंगी वर खोचली आणि काखेत हात घालून एकेकाला उठवायला लागला. "सावकाश, मास्तर, घाई नाही. पाय टेका. हां. आता दुसरा." उठवायचा, पाठीवरचा चिखल पुसायचा, खुर्चीत बसवायचा, की पुढचा. पलीकडचे झाले, मग आम्हाला उठवलं. शेवटी जिंकणाऱ्यांकडून केळ्याचा घडही उचलवेना, तोही त्यानेच जीपमध्ये टाकला. सगळं मैदान ते बघत होतं. हंसाक्का माझ्या कानाशी म्हणाला, "वैद्यर, हा गेला तर पुढच्या ओणमला आपण पडूनच राहायचं का?" त्याने हे चेष्टेने म्हटलं असावं. त्याच्या चेष्टेला हसायची मला जुनी सवय आहे, पण जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रजीश दोर माडीवर ठेवून दुकानात आला आणि बाकावर बसला.

"वैद्यर, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"रागावायला उभं राहावं लागतं. सांग."

"वासुदेवेट्टनना माझ्यासाठी लिहाल?"

मी त्याला म्हटलं, अरे, तुला इथे काय कमी आहे? अख्खा बाजार तुझ्या मागे उभा आहे. तो म्हणाला, "मागे उभा आहे हो. समोर कुणी नाही. कॅरमला समोर माणूस लागतो." मग त्याने फोन काढून मला तुमच्या ज्वाला, मस्कत शाखेचा व्हिडिओ दाखवला. शुक्रवारचा. चाळीसएक पोरं, सगळी आपली, सुरेशचा मुलगा, हंसाक्काचे दोघं, कुन्हाप्पूचा नातू, वाळूत फुटबॉल खेळताहेत, आणि कडेला टोपी घालून खुर्चीत बसलेले अध्यक्ष तुम्ही. शाखा झाडाला फुटतात असं मी शिकलो होतो. इथे शाखेला झाड म्हणून आम्ही उरलो. तो म्हणाला, "मी क्लब सोडत नाहीये, वैद्यर. क्लब जिथे गेलाय तिथे जातोय."

मी त्याला म्हटलं, लिहितो. आणि लिहितो आहे. तरी अध्यक्षमहाराज, बाजाराच्या वतीने आपणास अशी विनंती, की मस्कत शाखेने असा ठराव करावा की मूळ क्लबच्या विद्यमान सेक्रेटरीला कुणीही नोकरी, व्हिसा वा आशा देऊ नये. उलट शाखेतले निदान चार धट्टेकट्टे सभासद पाळीपाळीने सुट्टीवर इकडे पाठवावेत. प्रजीशसाठी प्रयत्न केला पण सध्या जागा नाहीत, असं तुम्ही मला उत्तर पाठवावं, म्हणजे मी ते त्याला दाखवीन. हे असत्य आहे, पण लोकहितार्थ आहे. त्याला शास्त्राधार मी शोधून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पातळ कापाबद्दल तुमचं मतही कळवावं.

आपला,
राघव पिशारडी

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. दुकान बंद करून हिशेब आवरत होतो तेव्हा माडीवर कॅरमचा आवाज आला. बरं वाटलं, म्हटलं कुणीतरी आलं आहे. मग नीट ऐकलं. एक टोला, मग पावलं, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग टोला, परत पावलं. तो एका बाजूने खेळतो, उठतो, समोर जाऊन बसतो आणि स्वतःच्याच विरुद्ध खेळतो. बराच वेळ चाललं होतं. वरचं सगळं पत्र रद्द समजावं. ठराव करू नये. प्रजीशला काम मिळवून द्यावं, चांगलं द्यावं, उन्हातलं नको. तो प्रामाणिक आहे, दमतो पण सांगत नाही, त्याला दुपारी जेवायला लावावं लागतं. पासपोर्टच्या कागदांची प्रत सोबत जोडली आहे. शक्य तितक्या लवकर.

ता. क. २. हे हंसाक्काला कळू देऊ नये. तो मला चहा देणं बंद करील.

ता. क. ३. श्रीदेवी ठीक आहे असं वर लिहिलं, ते तिने सांगितलं म्हणून. तिला कंपवात आहे. मी वर्षभरापूर्वीच ओळखलं होतं. कोळिक्कोडच्या डॉक्टरांनी नंतर नाव लिहून दिलं. तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ तिने घातली होती, ती आज मोडली. कधीकधी चालता चालता तिचे पाय थांबतात आणि ती खाली बसते. मग मी प्रजीशला फोन करतो आणि तो येतो, जेवत असला तरी येतो, आणि तिला उठवून आत नेतो. तिला लाज वाटू नये म्हणून वाटेत काहीतरी गमतीचं बोलत राहतो. परवा त्याला फोन लागला नाही. मी स्वतः प्रयत्न केला. अळियन, मला एकट्याला तिला उचलता येत नाही.